चुकांची वही: जुलै २०२३ ते जून २०२४

८ जुलै २०२३

गेलं अख्खं वर्ष 'अभ्यास चालू आहे' म्हणत काढलं आणि दाखवायला काही उरलं नाही. म्हणून आजपासून तारखा टाकून लिहायचं.

सध्याची स्थिती अशी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., विषय संख्याशास्त्र, २०२१. शेवटचं वर्ष कोविडमध्ये गेलं. परीक्षा घरबसल्या ऑनलाइन, प्रश्न सगळे पर्यायांचे. मार्क झकास पडले, पण पानभर सिद्धता लिहायची सवय गेली ती गेलीच. त्यानंतर दोन वर्षं अंधेरीत एका विमा कंपनीत मोटार क्लेमचे रिपोर्ट काढतेय. एक्सेल भरपूर, आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रॅमिंग भाषा थोडी, विचार फारसा नाही.

डोक्यात दोन परीक्षा आहेत. एक जॅम, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर, त्यावर आयआयटीत एम.एस्सी. मिळते. दुसरी इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची एम.स्टॅट., म्हणजे तिथल्या संख्याशास्त्राच्या मास्टर्सची प्रवेशपरीक्षा. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली कोलकात्यात उभी केलेली ही संस्था. तिथे शिकण्यासाठी फी भरावी लागत नाही, उलट विद्यावेतन मिळतं. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. कलिन्याचा विद्यापीठाचा विभाग आहेच, आणि देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्सचाही अभ्यासक्रम आहे. ते दोन्ही घराजवळचे, म्हणून आई त्यांच्या बाजूने.

वेळ: पहाटे सव्वापाच ते पावणेसात, आणि डोंबिवली-घाटकोपर लोकल. तीन महिन्यांचा पास कालच काढला.

२७ जुलै

पावसाचा रेड अलर्ट. ऑफिसने घरूनच काम करायला सांगितलं, त्यामुळे दुपारचे तीन तास हाती आले. लिनियर अल्जिब्रा उघडला. रँक, आयगेनव्हॅल्यू, क्वाड्रॅटिक फॉर्म हे सगळं बी.एस्सी.ला 'झालं होतं', म्हणजे फळ्यावर दिसलं होतं. मॅट्रिक्सचा वर्ग तिच्याएवढाच असेल तर ट्रेस (कर्णावरच्या आकड्यांची बेरीज) आणि रँक (एकमेकींपासून न बनणाऱ्या ओळींची संख्या) सारखे का, हे बघता तासभर गेला. उत्तर दोन ओळींचं आहे: आयगेनव्हॅल्यू फक्त शून्य किंवा एक, ट्रेस म्हणजे त्यांची बेरीज. पण त्या दोन ओळींपर्यंत स्वतःच्या पायाने पोचायचा आनंद वेगळा.

१२ ऑगस्ट

आज अभ्यास कमी, हिशेब जास्त. दोन्ही परीक्षांची मार्क द्यायची पद्धत समोर घेऊन बसले.

एम.स्टॅटच्या सकाळच्या पेपरात ३० पर्यायी प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४, चुकीला ०, आणि प्रश्न सोडून दिला तर १. म्हणजे गप्प बसायचेही पैसे मिळतात! चारातला एक पर्याय डोळे मिटून निवडला तर अपेक्षित मार्क चार गुणिले एक चतुर्थांश, म्हणजे १. सोडला तरी १. जॅमच्या पहिल्या भागात एका मार्काच्या प्रश्नाला चुकीबद्दल एक तृतीयांश जातो. तिथे आंधळ्या निवडीची अपेक्षा बरोबर शून्य. पेपर काढणाऱ्यांनी दोन्हीकडे तागडी समतोल ठेवली आहे. अंदाज मारणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. एक पर्याय खात्रीने खोडता आला, की मात्र पारडं आपल्या बाजूला झुकतं.

(नंतरची भर) 'खात्रीने' म्हणजे किती खात्रीने, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. तो ऑक्टोबरात सुचला.

२३ ऑगस्ट

ऑफिसात सहा वाजता सगळे टीव्हीसमोर. चांद्रयान उतरलं, टाळ्या, पेढे. परतताना घाटकोपरच्या प्लॅटफॉर्मवर फोन उघडला तर बातमी: संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव काल अमेरिकेत वारले. वय १०२. त्यांना याच वर्षी संख्याशास्त्रातलं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तेही १९४५ सालच्या एका निबंधासाठी.

योगायोग असा, की सकाळीच त्यांच्या नावाच्या प्रमेयावर आपटले होते. प्रश्न साधा. शून्य ते थीटा (एक अज्ञात आकडा) या पट्ट्यात युनिफॉर्म, म्हणजे सगळीकडे सारख्याच शक्यतेने, पसरलेली एन निरीक्षणं आहेत, थीटाचा अंदाज करा. मी सर्वात मोठं निरीक्षण घेतलं, त्याला एन अधिक एक भागिले एन ने गुणलं, म्हणजे तो अंदाज अनबायस्ड झाला, सरासरीने बरोबर थीटावर येणारा. मग क्रॅमर-राव सीमा काढली, की याहून कमी व्हेरियन्स (अंदाज किती हलतो त्याचं माप) अशा कुठल्याच अंदाजाचा असू शकत नाही. एन बरोबर १० घेतलं. सीमा आली थीटा-वर्गाचा १/१०. माझ्या अंदाजाचा व्हेरियन्स आला थीटा-वर्गाचा १/१२०. म्हणजे मी रावांना बारा पटीने हरवलं! सकाळी साडेसहाला, दात न घासता.

आकडेमोड तीनदा तपासली, बरोबरच होती. चूक वरच्या ओळीत होती, जी मी वाचलीच नव्हती. सीमेच्या सिद्धतेत इंटिग्रलच्या आत डेरिव्हेटिव्ह घेतात. ते चालायला पट्टा थीटावर अवलंबून नसावा लागतो. इथे तर पट्ट्याचं टोकच थीटा. प्रमेय इथे लागूच नाही, मग हरवायचा प्रश्न कुठे आला?

रात्री रावांबद्दल वाचत बसले. त्यांच्या या प्रमेयाची गोष्ट मला माहीतच नव्हती. १९४४ च्या सुमाराला ते कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा मोठ्या सॅम्पलसाठीचा निष्कर्ष त्यांनी फळ्यावर मांडला. तेव्हा वर्गातल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, की सॅम्पल लहान असेल तर असं काही दाखवता येईल का? राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता घेऊन आले. तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर. सातारचे. पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये गरिबीवर काम करणारे, तेच. बाबांना नाव लगेच कळलं. 'दांडेकर-रथ' म्हणाले, म्हणजे नीलकंठ रथ यांच्याबरोबरचा तो गरिबीवरचा अभ्यास, आणि परत बातम्यांकडे वळले.

नवी दोनशे पानी वही काढली. चूक क्र. १: पट्टा पाहिला नाही.

२० सप्टेंबर

काल बाप्पा आले. आज ऋषिपंचमी, घरभर माणसं. आत्याचा मुलगा, दादा, टेक्ससला असतो. त्याचा नेहमीचा सूर: "अगं, इकडे कशाला झगडतेस? जीआरई, ती अमेरिकेतल्या प्रवेशाची परीक्षा, दे आणि ये तिकडे. परवापासून तर परीक्षापण दोन तासांच्या आत आणलीये." हे खरं आहे, २२ तारखेपासून जीआरई लहान होतेय, पूर्वी पावणेचार तास बसावं लागायचं. पण माझी पदवी तीन वर्षांची. तिकडची बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. शिवाय डिसेंबरच्या मुदती, तीन शिफारसपत्रं, स्टेटमेंट ऑफ पर्पज, प्रत्येक अर्जाची डॉलरमध्ये फी. आधी इथली एम.एस्सी., मग पीएच.डी.ला तिकडे, असं मी म्हटलं. दादा म्हणाला, "तोवर तू म्हातारी होशील." आत्याने त्याच्या ताटात आणखी एक मोदक वाढून त्याला गप्प केलं.

इंग्लंडात मात्र तीन वर्षांची पदवी चालते. एका वर्षाचा एम.एस्सी. असतो. तो पर्याय शिल्लक ठेवायचा, म्हणून ट्रान्स्क्रिप्टला अर्ज करणार आहे.

७ ऑक्टोबर

जॅमचा फॉर्म भरला. मुलींना एका पेपरला ९०० रुपये. फोटो दोनदा परत आला, एकदा कान दिसत नाहीत म्हणून.

ट्रान्स्क्रिप्टची कथा वेगळीच. सेमिस्टर तीनच्या मार्कशीटवर आईच्या नावात एक अक्षर जास्त आहे, दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, आधी दुरुस्ती, मग ट्रान्स्क्रिप्ट. दुरुस्तीसाठी मूळ मार्कशीट जमा करा. मार्कशीट जमा केली, तर ट्रान्स्क्रिप्टच्या खिडकीवर मूळ मार्कशीट दाखवा. दोन अर्ध्या रजा यातच गेल्या. तिसऱ्या खेपेला एका शिपाईकाकांनी सांगितलं, की दुरुस्तीची पावती आणि झेरॉक्स लावली की चालतं. हे खिडकीवर लिहून का ठेवत नाहीत, देव जाणे.

२९ ऑक्टोबर

आजची नोंद मोठी आहे.

गेल्या दोन महिन्यांत एम.स्टॅटचे सहा जुने पेपर घड्याळ लावून सोडवले. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर पाहायच्या आधी पेन्सिलीने तीनातला एक शब्द लिहायचा: पक्कं, दोनात, सोडलं. 'दोनात' म्हणजे दोन पर्याय खोडले आणि उरलेल्या दोनातला एक निवडला. आज १८० प्रश्नांची बेरीज केली.

पक्कं ९७, त्यातले बरोबर ८१. दोनात ३४, बरोबर ११. सोडलं ४९.

दोनातला आकडा बघून हबकले. दोनातला एक निवडायचा तर नाणं उडवूनही सतरा यायला हवेत. अकराच? मी नाण्याहून वाईट? मग एकेक प्रश्न परत काढला. ३४ पैकी १३ प्रश्नांत खरं उत्तर माझ्या 'दोनात' नव्हतंच. ते मी आधीच खोडलं होतं, ठामपणे, बऱ्याचदा दोन रेघा मारून. उरलेल्या २१ पैकी ११ बरोबर, म्हणजे तिथे नाणं ठीकच चाललंय. घोळ शेवटच्या निवडीत नव्हता. तो आधीच्या खोडण्यात होता, आणि तो मी कधी तपासलाच नव्हता. कारण पेपर तपासताना आपण काय निवडलं ते बघतो, काय फेकलं ते कोण बघतं?

मार्कांचा हिशेब: ३४ प्रश्न सोडले असते तर ३४ मार्क, मारून मिळाले ४४. सहा पेपरांत दहा मार्कांचा फायदा, म्हणजे पेपरामागे दोनही नाहीत. आणि ३४ च्या सॅम्पलवर स्टँडर्ड एरर, म्हणजे नुसत्या योगायोगाने आकडा किती हलू शकतो ते, आठ टक्के येतो. ३२ टक्के यश हे २५ पेक्षा खरोखर जास्त आहे, असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही.

मग पक्क्यातल्या १६ चुका. त्यातल्या ९ एकाच कुळातल्या निघाल्या: प्रमेय बरोबर, आकडेमोड बरोबर, अट तपासलेली नाही. त्यातली सर्वात लाजिरवाणी इथे लिहून ठेवते. दोन नॉर्मल (घंटेच्या आकाराने पसरलेले) चल, कोव्हेरियन्स (दोघं किती एकत्र हलतात त्याचं माप) शून्य, म्हणून स्वतंत्र. मी हे 'पक्कं' लिहिलं होतं, खाली रेघ मारून. हे खरं ठरायला दोघांचं जॉइंट डिस्ट्रिब्युशन, म्हणजे दोघांचं मिळून पसरणं, नॉर्मल लागतं. नसेल तर? एक्स नॉर्मल घ्या, एक नाणं उडवा, छापा आला तर वाय म्हणजे एक्स, काटा आला तर वाय म्हणजे उणे एक्स. वाय नॉर्मलच येतो. कोव्हेरियन्स शून्य. आणि तरी एक्स कळला की वायचं फक्त चिन्ह कळायचं राहतं. याहून परावलंबी अजून काय असायचं?

आजपासून नियम: प्रमेय वापरायच्या आधी समासात त्याची अट लिहायची. वेळ जाईल. जाऊ दे.

१४ नोव्हेंबर

पाडवा. चार दिवस वही उघडली नाही. चकल्या चांगल्या झाल्या.

१२ डिसेंबर

लोकलमध्ये लिहिता येत नाही. लेडीज डब्यात हात वर धरलेला असतो, दुसरा पर्सवर. म्हणून उभ्याने करायची तोंडी गणितं निवडून ठेवते. आजचं: शून्य ते एक मधले यादृच्छिक आकडे एकामागून एक मिळवत जा, बेरीज एकाच्या वर जाईपर्यंत. सरासरी किती आकडे लागतील?

डोंबिवली ते ठाणं नुसतं डबल इंटिग्रलमध्ये अडकले, डोक्यात चित्र टिकेना. ठाण्याला गर्दी हलली आणि उलटं सुचलं. किती लागतील हे सोडा, एन आकड्यांनी भागत नाही याची शक्यता किती ते बघा. दोन आकड्यांची बेरीज एकाच्या आत, म्हणजे चौकोनाचा अर्धा भाग, १/२. तीनाची म्हणजे घनाचा कोपरा, १/६. मग १/२४. या सगळ्या शक्यतांची बेरीज म्हणजेच सरासरी: १ अधिक १ अधिक १/२ अधिक १/६... विक्रोळी गेलं तेव्हा मी मोठ्याने 'ई' म्हणाले असणार, कारण शेजारच्या बाईंनी ओढणी सावरून घेतली. ई, म्हणजे तो २.७१८! घाटकोपरला उतरेपर्यंत चेहरा सरळ करता येईना.

मेट्रोत अट आठवली: आकडे एकमेकांपासून स्वतंत्र. समासात लिहायला समास नव्हता, हातावर लिहिलं.

२१ जानेवारी २०२४

जॅमसाठी आता वेगळा सराव. ६० प्रश्न, १०० मार्क, तीन तास. शेवटच्या भागात पर्यायच नाहीत, आकडा टाइप करायचा, आणि कॅल्क्युलेटर स्क्रीनवरचा, माउसने बटणं दाबायची. या कॅल्क्युलेटरवर माझा फार वेळ जातो. एकाहून जास्त पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत अर्धे मार्क नाहीत, पण चुकीला वजाबाकीही नाही, त्यामुळे तिथे काही कोरं ठेवायचं नाही.

११ फेब्रुवारी

रविवार म्हणजे मेगाब्लॉकची धास्ती. बाबांनी शेजारच्या काकांची गाडी मागून ठेवली होती, शीळफाट्यावरून जॅमचं नवी मुंबईचं सेंटर गाठलं. पेपर मध्यम. दोन प्रश्न सोडवून झाल्यावर समासातल्या अटीमुळे परत फिरवले. एक तर अगदी तोच, पट्टा थीटावर अवलंबून. हसूच आलं.

घरी येऊन अंदाज लिहून ठेवतेय, नंतर बदलायचा नाही: ५२ ते ६२.

२४ मार्च

निकाल लागला. ५१.३३. माझ्या पट्ट्याच्या बाहेर, अगदी उंबऱ्यावर. मार्क वाईट नाहीत, पण स्वतःवरचा भरवसा अजूनही थोडा फुगलेलाच आहे. संध्याकाळी होळी पेटल्यावर आई म्हणाली, "त्या वहीतल्या चुका टाक यात." वही टाकली नाही, पुरणपोळी खाल्ली.

इंग्लंडचा अर्ज पाठवलाच नाही. ट्रान्स्क्रिप्ट जानेवारीत आलं, पण फीचा आकडा बघून पाकीट न फोडता कपाटात ठेवलं.

२८ एप्रिल

एम.स्टॅटचे आणखी चार पेपर, त्याच तीन शब्दांनी. १२० प्रश्न. पक्कं ७८, बरोबर ७१. दोनात १९, बरोबर ८, आणि खरं उत्तर आधीच खोडलेलं फक्त ४ वेळा. सोडलं २३.

सुधारणा दिसते. पण यातल्या दोन पेपरांतले काही प्रश्न मी आधी कुठे ना कुठे पाहिलेले होते. म्हणजे हा डेटा स्वच्छ नाही. क्लेमच्या रिपोर्टमध्ये असं काही सापडलं तर मी इतरांवर ओरडते.

एम.स्टॅटच्या दुपारच्या लेखी पेपरासाठी रोज एक उत्तर पूर्ण वाक्यांत लिहितेय. कॉलेजच्या सरांना फोटो पाठवते. त्यांचा शेरा बहुतेक वेळा एकच: "'म्हणून' कशावरून?"

१२ मे

एम.स्टॅट. सकाळी पर्यायांचा, दुपारी लिहायचा. सकाळचं आठवतं तसं: पक्कं १७, दोनात ५, सोडलं ८. दुपारी रिग्रेशनचा एक प्रश्न पूर्ण, प्रॉबॅबिलिटीचे दोन पूर्ण, अ‍ॅनालिसिसचा अर्धवट. लिनियर अल्जिब्रा जमला, पावसातली ती दुपार कामाला आली. हात मात्र तिसऱ्या पानावरच दुखायला लागला. शाईपेन नेलं ही चूक. चूक क्र. ६४.

१३ मे

संध्याकाळी धुळीचं वादळ, मग पाऊस. गाड्या ठप्प, घाटकोपरहून घरी पोचायला चार तास. पेपरबद्दल विचार करायला वेळच वेळ होता, केला नाही.

९ जून

एम.स्टॅटच्या मुलाखतीच्या यादीत नाव नाही. वरपासून खाली दोनदा, मग खालून वर. आईने चहा आणून ठेवला, काही बोलली नाही.

१८ जून

जॅमच्या दुसऱ्या यादीत कानपूर मिळालं. पवई नाही. घरापासून तासाभरावरचं मुंबईतलं आयआयटी हुकलं आणि दूरचं लागलं, यावर आईचा अजून विश्वास बसत नाही. "तिकडे थंडी किती असते गं?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "वरण-भात मिळतो का?"

बाबांनी फी भरायची मुदत कॅलेंडरवर गोल करून ठेवलीये.

२२ जून

राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाले, परत यायचं असेल तर कळव. फी भरली. दादाचा मेसेज आला: 'म्हातारे, अभिनंदन.'

वहीत ७१ चुका झाल्या. नव्या वहीला पुन्हा एकपासून आकडे द्यायचे की ७२ पासून, ठरत नाहीये. पास ३० तारखेला संपतोय, पुढचा काढला नाही.